ईमान शाबूत आहे का, हे मी तुला रोज का सांगणार नाही

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला गेले आणि थांबले, कारण तेवढ्याशा मजकुरात 'तीनदा' हा शब्द सहा ठिकाणी आलाय. वय २३ लिहिलं आहेस म्हणून 'तू' म्हणते, राग मानू नकोस. माझा धाकटा तुझ्याहून मोठा आहे.

तू लिहिलंस ते थोडक्यात असं. गाव दापोली तालुक्यात, खाडीकाठचं. दोन वर्षांपासून वजूला, म्हणजे नमाजाआधीच्या हात-पाय-तोंड धुण्याला, पाऊण तास लागतो, हात-पाय तीनदा धुवून झाले तरी कोपर कोरडं राहिलं असं वाटतं आणि तू पहिल्यापासून सुरू करतोस. तकबीर, म्हणजे नमाज सुरू करतानाचं 'अल्लाहु अक्बर', अर्धी म्हणून तोडतोस. गेल्या आठ महिन्यांपासून नमाजात अल्लाहबद्दल आणि हुजुरांबद्दल, म्हणजे पैगंबरांबद्दल, घाणेरडे शब्द मनात येतात. ते आले की ईमान, म्हणजे अल्लाहवरची श्रद्धा, गेलं असं वाटून कलमा, म्हणजे श्रद्धेची साक्ष, पढतोस, दिवसाला चाळीस-पन्नास वेळा, कधी कधी गुसल, म्हणजे पाक होण्याची पूर्ण आंघोळसुद्धा करतोस. अम्मीला विचारत राहतोस. गावच्या मौलानांनी 'शैतानी वसवसा आहे, लाहौल पढ' सांगितलं, म्हणजे सैतानाची कुजबुज आहे, ती घालवायचं वचन म्हण. मुंबईचा चुलतभाऊ म्हणाला, 'ही ओसीडी आहे, डॉक्टर गाठ.' तुझे प्रश्न तीन: दोघांत खरं कोण, माझं ईमान शाबूत आहे का, आणि गोळी घेतली तर तवक्कुल, म्हणजे अल्लाहवरचा भरवसा, कमी पडला असं होईल का.

आधी मी कोण ते सांगते. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातच काम करते. घर कोकणी मुसलमानाचं, मजहब, म्हणजे धर्मनियमांची परंपरा, शाफई, म्हणजे बहुधा तुझाच. पण मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली, नाही. फिक्हचं, म्हणजे धर्मनियमांचं, जे लिहीन ते पेशंटांबरोबर पेशइमामांसमोर बसून बसून शिकलेलं आहे, फतवा म्हणून घेऊ नकोस. आणि तुला मी पाहिलेलं नाही. तुझ्या लिहिण्यावरून हा आजार ओसीडी, म्हणजे मंत्रचळ असावा असं मला ठामपणे वाटतं, तरी सोबत उदासी किती आहे, झोप कशी आहे, हे शब्द तुला स्वतःच्या मनातून आल्यासारखे वाटतात की बाहेरून कुणी कानात बोलल्यासारखे, हे समोर बसून विचारल्याशिवाय कळत नाही. बाहेरून आवाज ऐकू येत असतील तर वाट थोडी वेगळी. जगूच नये असं वाटत असेल, तर बाकीचं वाचणं राहू दे आणि आजच्या आज घरात कुणाला तरी सांग.

आता 'खरं कोण' हा प्रश्न. दोघंही. वसवसा हा शब्द कुराणातलाच आहे, शेवटच्या सूरेत आहे, तू रोज पढतोस. मौलानांनी चुकीचं नाव घेतलं नाही. पण कुजबुज तर सगळ्यांच्याच मनात होते. तेरा देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना विचारून केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. शंभरातल्या सुमारे चौऱ्याण्णव जणांनी सांगितलं की गेल्या तीन महिन्यांत नको असलेला, न बोलावता घुसलेला विचार आपल्याला आला होता. कुणाला फलाटावरून शेजारच्याला ढकलायचा, कुणाला प्रार्थनेच्या जागी शिवी देण्याचा. तुझ्या शेजारी सफमध्ये उभा राहणारा मासेवाला, पुढे उभे राहणारे पेशइमाम, यांना असले विचार कधीच येत नाहीत असं तुला वाटत असेल तर ते खरं नाही. ते येतात आणि जातात. तुझ्याकडे ते आले की तू दार लावतोस, कोतवाल बोलावतोस, पंचनामा करतोस. चुलतभावाने जो शब्द वापरला तो त्या पंचनाम्याचं नाव आहे.

हा आजार माणसाला जे सर्वांत प्रिय तिथेच जाऊन बसतो. नुकतीच बाळंत झालेली एक मुलगी माझ्याकडे यायची, ती घरातली कोयती-सुरी लपवून ठेवायची, आपल्या हातून बाळाला काही होईल या भीतीने. एक भिक्षुकी करणारे गृहस्थ होते, सोवळं मोडलं म्हणून भर पावसात दिवसाला नऊ वेळा विहिरीवर आंघोळ. वेंगुर्ल्याकडचे एक ख्रिस्ती आजोबा कन्फेशन देऊन चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून परत चढायचे. कपडे वेगळे, अंग एकच. तुला दीनची, धर्माची पर्वा नसती तर तुझ्या वसवशाने दुसरा विषय शोधला असता, गॅसची कळ किंवा दाराची कडी.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तू मध्येच लिहिलंस, 'कधी कधी तकदीरबद्दलही प्रश्न पडतात'. धर्माबद्दल खरे प्रश्न पडणं ही वेगळी गोष्ट आहे, तो आजार नव्हे, आणि मी त्याला आजार म्हणणारही नाही. ज्याला खरा प्रश्न पडतो तो वाचतो, कुणाशी वाद घालतो, उत्तर पटलं तर पुढे सरकतो, नाही पटलं तर तो प्रश्न घेऊन जेवतो, झोपतो, कामावर जातो. त्यालाही त्रास होतो, कधी फार होतो. पण उत्तर मिळाल्यावर दहा मिनिटांत तोच प्रश्न तशाच रूपात परत उभा राहत नाही. तुझा राहतो. तुला तकदीरबद्दल काय पटतं हे महत्त्वाचंच वाटत नाही, तुला फक्त 'मी हा विचार केला म्हणून काफिर झालो का' एवढंच हवं असतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. मग आधी हा आजार उतरवावा, खरे प्रश्न कुठे पळून जात नाहीत.

आता दुसरा प्रश्न. माझं ईमान शाबूत आहे का?

याचं उत्तर मी तुला एकदा देईन, आणि पुन्हा विचारलंस तर देणार नाही. हे ताठपणाने म्हणत नाही. ही अद्दल मला एका मुलीने घडवली. नवीन नवीन प्रॅक्टिस होती. कॉलेजला जाणारी, तुझ्यासारखेच विचार. मला वाटलं, हिला धीर दिला की झालं. मी सहीह मुस्लिम या संग्रहातली एक हदीस, म्हणजे हुजुरांच्या बोलण्याची नोंद, सुंदर अक्षरात कागदावर लिहून दिली. सहाबा, म्हणजे हुजुरांचे सोबती, हुजुरांकडे आले आणि म्हणाले, आमच्या मनात असं काही येतं की ते तोंडाने बोलणंही आम्हाला भयंकर वाटतं. हुजुरांनी विचारलं, खरंच असं वाटतं तुम्हाला? हो म्हणाले. तेव्हा फर्मावलं, हेच तर उघड ईमान आहे. मुलगी रडली, हसली, माझा हात धरला. मी खूश. महिन्याने आली तेव्हा त्या कागदाला लॅमिनेशन केलं होतं. दिवसाला साठ वेळा वाचायची. शिवाय नवी शंका निघाली होती: सहाबांना भयंकर वाटायचं, पण मला आज सकाळी तेवढं भयंकर वाटलं नाही, मग माझं ईमान गेलं का? माझं औषध तिच्या आजाराने गिळलं आणि त्यावर आणखी पोसला.

म्हणून एकदाच. न बोलावता आलेला विचार म्हणजे कुफ्र, श्रद्धा नाकारणं, नाही. बुखारी-मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे की उम्मतच्या, म्हणजे मुसलमानांच्या, मनात जे येतं ते अल्लाहने माफ केलं आहे, जोवर माणूस ते बोलत नाही किंवा करत नाही. झालं. हे पान खुणेला ठेवू नकोस.

धीर देण्याने नुकसान कसं होतं ते नीट समजून घे, कारण उपचाराचं सगळं मर्म तिथे आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना संगणकाच्या पडद्यावरचा गॅसचा चुला पुन्हा पुन्हा तपासायला लावला. बराच वेळ तपासल्यावर त्यांना चुला बंद केल्याचं आठवत होतंच, चूक होत नव्हती. पण आठवण धूसर झाली, स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा उडाला. म्हणजे शंका होती म्हणून तपासलं असं नुसतं नाही, तपासल्यामुळे शंका पिकली. तुझं कोपर घे. पहिल्यांदा पाणी घातलंस तेव्हा ते ओलं झालेलं तू पाहिलंस. चौदाव्यांदा घातलंस तेव्हा सगळी पाणी घालणी एकमेकांत मिसळली, कोणती खरी ते कळेना. कलम्याचंही तेच. पन्नासाव्या कलम्यात पहिल्या कलम्यासारखं मन लागत नाही, आणि मन लागलं नाही म्हणून एक्कावन्नावा.

मला जी गोष्ट सर्वांत सांगाविशी वाटते ती इथे आहे. तुला वाटतं की दीन तुझ्याकडे शंभर टक्के खात्री मागतोय आणि तू कमी पडतोयस. दीनने ती कधी मागितलीच नाही. ती मागणारा आजार आहे. फिक्हचा पायाचा नियम आहे: यकीन, म्हणजे खात्री, शंकेने जात नाही. नमाजात वारा सरल्याची शंका आली तर हुजुरांनी काय सांगितलं? आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत नमाज सोडू नये. किती साधा, किती घरगुती निकष आहे बघ. 'पूर्ण खात्री कर' असं सांगितलेलं नाही, 'पुढे चाल' असं सांगितलं आहे.

आणि तुझ्या माझ्या मजहबात तर यावर थेट बोलणं आहे. इब्न हजर हैतमी हे सोळाव्या शतकात मक्केत राहून फतवे देणारे, शाफई फिक्हमध्ये त्यांचा शब्द मोठा. त्यांना वसवशाचं औषध विचारलं गेलं. त्यांनी सांगितलं की गुणकारी औषध एक आहे, त्याच्याकडे सपशेल पाठ फिरवणं, मनात चलबिचल कितीही असली तरी. शेवटचे शब्द बघ: चलबिचल कितीही असली तरी. आधी चलबिचल थांबव आणि मग नमाज पढ, असं म्हटलेलं नाही. १९६६ मध्ये व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी लंडनात दोन पेशंटांना भीतीच्या वस्तूजवळ नेऊन धुणं-पुसणं थांबवायला लावलं, आणि तिथून आमची आजची उपचारपद्धत वाढली. मी कॉलेजात मेयर शिकले आणि इब्न हजर मला मागाहून खेडच्या बाजूच्या एका पेशइमामांनी दाखवले. आधी कळलं असतं तर बऱ्याच पेशंटांचे सहा महिने वाचले असते.

तकबीरचंही सांगून टाकते, कारण शाफई मुलं तिथे हमखास अडकतात. नियत, म्हणजे मनातला इरादा, तकबीरबरोबर असावी असं आपल्या किताबांत आहे. मग पोरगा 'अल्लाहु अक्', 'अल्लाहु अक्' करत राहतो, इमाम पुढच्या वाकण्याला, रुकूत जातो. शाफईंचे मोठे आलिम इमाम नववींनी त्यांच्याआधीच्या गझालींच्या वाटेने जाऊन म्हटलं आहे की लोकव्यवहारात ज्याला 'बरोबर' म्हणतात तेवढं पुरे, अक्षराला अक्षर जुळवायचं नाही. तू मशिदीत जोहरला आलास ना? मग जोहरच पढायला आला आहेस. मीठ आणायला दुकानात गेलेल्या माणसाला वाटेत कुणी विचारलं तर तो आपली नियत तपासत बसत नाही.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं. एक गोष्ट सांगते, दोन-तीन पेशंटांची मिळून केलेली, ओळख पटू नये म्हणून. हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव असतो, तू पाहिला असशील. होड्या, टोपल्या, बर्फ, बैलगाड्या आणि कुत्रे. हा तिथे काम करणारा. शाफईंत कुत्र्याची ओल लागली तर सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने, हे तुला ठाऊक आहेच. कुत्रा जवळून गेला की याला वाटायचं, लुंगीला लागला. मग घरी येऊन लुंगी, पाय, चपला, सायकलचं हँडल, हँडलला हात लागला म्हणून दाराची कडी, सगळं सात वेळा. अंगणातली लाल माती बादलीत भरून मोरीत ठेवलेली. हाताची सालं निघालेली. बायको माहेरी गेली होती.

पेशइमामांना मी बसायला बोलावलं. त्यांनी विचारलं, कुत्रा लागलेला पाहिलास? नाही, पण लागला असेल. मग नाही लागला, ते म्हणाले, मूळ पाकी आहे. आणि कोरड्याला कोरडं लागलं तर नापाकी लागतच नाही. यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, 'मॅडम, जून ते सप्टेंबर कोकणात कोरडं काय असतं?' आम्ही तिघंही हसलो. प्रश्न वकिली होता, पण खरा होता. पेशइमाम म्हणाले, म्हणूनच तर टाळता न येणारा रस्त्याचा चिखल माफ आहे. शरियत पावसात राहणाऱ्या लोकांसाठीही आहे.

एवढं ऐकून तो बरा झाला का? अजिबात नाही. मसला कळल्याने फक्त सीमा ठरली. उपचार त्यानंतर सुरू झाला. आम्ही त्याच्या भीतीची उतरंड मांडली. तळाला, कुत्रा वीस पावलांवर असताना उभं राहणं. मध्ये, लिलावातून आलेल्या चपला घालून ओसरीवर बसणं. वर, ज्या लुंगीबद्दल शंका आहे तीच नेसून मगरिब पढणं. प्रत्येक पायरीवर नियम एकच: धुवायचं नाही, विचारायचं नाही, मनातल्या मनात हिशेबही करायचा नाही. पहिल्या दिवशी घामाने भिजला. अर्धा-पाऊण तास जीव वरखाली झाला, मग हळूहळू बसला. चार दिवसांनी वीस मिनिटं. एखाद्या दिवशी तर मुळीच बसला नाही, आणि त्या दिवशी तो तसाच जेवला, झोपला. मला विचारशील तर तो दिवस सर्वांत कामाचा. भीती उतरली म्हणून जगता आलं असं नाही, भीती असतानाही जगता येतं हे त्याला कळलं. आठवड्याला एक याप्रमाणे सोळा बैठका झाल्या. कुणाला बारा लागतात, कुणाला तीस. जुना आजार आणि सोबत उदासी असेल तर वेळ लागतो.

तुझ्या वजूसाठी मी काय करेन? नळ बंद करायला लावीन. हुजूर एक मुद (जुनं माप) पाण्यात वजू करत, असं बुखारी-मुस्लिममध्ये आहे, आणि शाफई हिशेबाने मुद लिटरच्या आतच भरतो. एक लिटरची बाटली घ्यायची. ती संपली की वजू झाला. कोपर कोरडं वाटलं तरी झाला. पाऊण तासावरून एकदम इथे येणं जमत नसेल तर दोन बाटल्यांपासून सुरू कर, दर आठवड्याला उतरत जा. पण नमाज तोडायची नाही, हे पहिल्या दिवसापासून. रकातीची, म्हणजे नमाजाच्या किती फेऱ्या झाल्या याची, शंका आली तर काय करायचं, सलामनंतर शंका आली तर काय, हे एका आलिमांना एकदाच विचारून वहीत लिहून घे. वसवसा असणाऱ्याची गोष्ट वेगळी धरतात, म्हणून त्यांना तुझा त्रास आधी सांग. त्यानंतर दुसऱ्या आलिमांना विचारायचं नाही, आणि रात्री दोन वाजता मोबाईलवर फतवे शोधायचे नाहीत. हे शोधणं म्हणजे पंधराव्यांदा कोपर धुणंच आहे, फक्त पाणी लागत नाही.

घाणेरड्या विचारांचं काम थोडं नाजूक आहे. तुला भीती असेल की डॉक्टर तुझ्याकडून कुफ्र बोलवून घेतील. तसं करत नाही, निदान मी करत नाही. माझी मर्यादा ही की एखादा सरळ, दीनदार माणूस जे बिनघोर करतो ते तू करायला शिकायचं. तू विचार येतील म्हणून काय काय सोडलं आहेस ते आठव. तू लिहिलंस की शिमग्यात पालखी गल्लीतून गेली तेव्हा तू खिडकी लावून घेतलीस, कारण ढोल ऐकून 'मी मनात नमस्कार केला का' असं वाटलं. शेजारच्यांकडच्या गणपतीत लहानपणापासून जायचास, दोन वर्षं गेला नाहीस. तुझे अब्बा त्याच घरी खुर्चीत बसून चहा पिऊन येतात आणि घरी येऊन इशा पढतात. त्यांचं ईमान चहाने गेलं नाही. तर तुझ्यासाठी पायरी अशी: पालखी जाते तेव्हा खिडकीत उभं राहायचं. 'नमस्कार केला का' असा आवाज येईल. त्याला हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, कलमा पढायचा नाही. 'केलाही असेल, नसेलही' असं म्हणून सोडून द्यायचं. हे वाक्य तुला विष वाटेल हे मला माहीत आहे. इब्न हजरांचं पाठ फिरवणं ते हेच.

नमाजात शब्द आला तर तो हुसकायला जाऊ नकोस. ट्रकमागे लिहिलेली ओळ आपण वाचतो आणि ट्रक पुढे जातो. तू मात्र ट्रक अडवून पाटी खोडायला निघतोस. मौलानांनी सांगितलेलं लाहौल पढायला माझी ना नाही. एकदा पढ आणि कामाला लाग. ते शंभरदा मोजून, चुकलं म्हणून पुन्हा पढायला लागलास की ते वजूच्या रांगेत जाऊन बसलं.

अम्मीशी बोलायला हवं, आणि हा भाग मला नेहमी जड जातो. आई पोराच्या 'मी नीट बोललो ना?' ला 'हो बाळा' म्हणते, दुसरं काय म्हणणार? दिवसाला तीसदा म्हणते. तिला सांग की डॉक्टरीणबाईंनी असं सांगितलंय: तू विचारलंस की तिने म्हणायचं, 'हा वसवशाचा सवाल आहे, मी याचं उत्तर देत नाही. चल, मासळी साफ करायला बस.' पहिले पंधरा दिवस तू चिडशील, तीही रडेल. एका घरात मुलगा इतका चिडला की आईने चोरून उत्तरं द्यायला सुरुवात केली आणि माझ्यापासून लपवलं. तिचा राग मला आला नाही. पण सुधारणा तिथेच अडली.

कुणीतरी 'बाहेरचं आहे' म्हणून आमिलकडे, म्हणजे झाडफूक-ताविज करणाऱ्याकडे, न्यायला सांगेल, अजून कुणी सांगितलं नसेल तर. दुआ करणाऱ्याला मी कधीच अडवत नाही. ताविजाच्या नावाखाली हजारो रुपये मागणाऱ्याला मात्र अडवते, आणि 'आता एकवीस दिवस एवढं इतक्या वेळा पढा' असा नवा हिशेब देणाऱ्याला तर नक्कीच. मोजायचा आजार झालेल्याला आणखी मोजायला देणं म्हणजे सर्दी झालेल्याला पावसात उभं करणं.

गोळीचं लवकर सांगते, यात फार तत्त्वज्ञान नाही. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवॉक्सामिन, एस्सिटॅलोप्रॅम या गटातली औषधं चालतात. उदासीला लागतो त्यापेक्षा डोस बहुधा जास्त लागतो, आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे. लोक तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडतात. सुरुवातीला मळमळ, पोट बिघडणं होतं, बहुतेकांचं थांबतं. व्यसन लागत नाही, पण एकदम बंदही करायची नाहीत. रमजानात दिवसाला एक गोळी असेल तर सहरीला किंवा इफ्तारला घेता येते, रोजा आड येत नाही. वेळ बदलण्याआधी तुझ्या डॉक्टरांशी बोल. सगळ्यांना गोळी लागतेच असं नाही. तुझ्यासारखा दोन वर्षांचा, दिवसाचे तास खाणारा त्रास असेल तर मी गोळी आणि सराव दोन्ही सुचवते. तवक्कुलचं म्हणशील तर उंट आधी बांध, मग भरवसा ठेव, हे तू मदरशात शिकला आहेस. आणि या त्रासाला आजार म्हणणं हे पश्चिमेकडून आलेलं खूळ आहे असं कुणी म्हटलं तर जुने मुसलमान विद्वान अबू झैद अल-बल्खींचं नाव सांग. शरीराबरोबर मनाच्या दुखण्यांवर लिहिताना त्यांनी वसवशाला वेगळं प्रकरण दिलं, आणि ते वारले ९३४ साली.

जवळ कुठे जायचं? रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयही तिथेच आहे. त्या दुसऱ्या नावाला घाबरू नकोस, ओपीडीत तुझ्यासारखे नोकरी-धंदा करणारे लोकच जास्त बसलेले असतात. घरातून निघणं जमत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. डॉक्टर मुसलमानच हवा असा हट्ट धरू नकोस. ओसीडीचा सराव करवून घेणारा हवा, मग तो कुणीही असो. फक्त पाकी-नापाकीचे शब्द त्याला कळत नसतील तर पहिल्या बैठकीला तुझ्या ओळखीच्या पेशइमामांना सोबत घे. बहुतेक डॉक्टरांना ते आवडतं, मला तर फार आवडतं.

हे वाचून संपतं न संपतं तोच तुझ्या मनात एक प्रश्न येईल: 'बाकीच्यांचा हा आजार असेल, पण माझं खरंच कुफ्र असेल तर? मॅडमना मी सगळं नीट लिहिलंच नाही.' माझ्या जवळजवळ प्रत्येक पेशंटला हा येतो. तुला मला पुन्हा लिहून खुलासा करावासा वाटेल. करू नकोस. बाटली भरून ठेव आणि फजरला उठ. आठवड्याभराने किती बाटल्या लागल्या, किती वेळा नमाज तोडली नाहीस, ते मला जरूर कळव. बरोबर झालं का, ते मात्र विचारू नकोस.